ट्रॅप म्हणजे जिना

गुडघा हा विषय भूशास्त्राच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मी शिकलो तेव्हा नव्हता, पुढं तीसेक वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात शिकवलं त्यातही नव्हता. तो निवृत्तीनंतर लागला, आणि थिअरी वगैरे काही न होता थेट प्रॅक्टिकललाच सुरुवात झाली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "झीज आहे." झीज हा तर माझा विषय! डोंगरांची झीज, दगडांची झीज, नदीकाठाची झीज यांवर मी पोरांना पानंच्या पानं लिहून दिली आहेत. तीच झीज आपल्या हाडातही चालू असेल, अशी शंका कधी आली नव्हती.

आता दिंडोरीत राहतो. सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर बसलं की, हवा स्वच्छ असेल तर, उत्तरेला सातमाळ्याची रांग दिसते. गच्चीला अठरा पायऱ्या आहेत. पूर्वी त्या किती आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

पायऱ्यांवरून आठवलं. आपल्या या सगळ्या काळ्या मुलखाला शास्त्रात 'दख्खनचा ट्रॅप' म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला, पुन्हा थिजला. टणक थराचा उभा कडा राहतो, ठिसूळ थर झिजून त्याची सपाटी होते, आणि लांबून डोंगर जिन्यासारखा दिसतो. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्रॅपा' म्हणतात, त्यावरून हे नाव. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचो. पोरं माना डोलवायची, मी पुढं जायचो. ज्या विषयाचं नावच जिना, तो जिना न चढता येणाऱ्यानं कसा शिकायचा, हा प्रश्न तीस वर्षांत एकदाही मनात आला नाही. गच्चीच्या अठरा पायऱ्यांनी तो आणला.

आमच्यात फिल्डला फार मान. वर्गात बसून भूशास्त्र शिकणं म्हणजे लग्नाचा अल्बम बघून जेवल्याची ढेकर देणं, असं आमचे सर म्हणायचे आणि पुढं मीही म्हणू लागलो. त्यात चूक काही नाही. खडक फळ्यावर काढला की तो फारच शहाण्यासारखा वागतो, प्रत्यक्षात तो तसा नसतो. चूक पुढची होती. फिल्ड म्हणजे चढ, चढ म्हणजे दम आणि दम म्हणजे लायकी, असं एक समीकरण आम्ही मांडून ठेवलं होतं. त्याला पुस्तकात आधार नव्हता. आधार माझ्या तेव्हाच्या पायांत होता.

नाशिकहून दिंडोरीकडे येताना डाव्या हाताला रामशेज लागतो. फार उंच नाही. कॉलेजपासून जवळ, म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांना मी तिथंच न्यायचो. हातात हॅमर, कमरेला ब्रंटन कंपास, पाठीला सॅम्पलची पिशवी असा मी पुढं निघायचो आणि माझ्याबरोबर पाच-सहा काटक पोरं. आम्ही वर पोचायचो, बसायचो, पाणी प्यायचो, वारा खायचो. बोलता बोलता मी त्या सहा जणांना निम्मं सांगूनही टाकायचो. मागचे एकेक करून यायचे. शेवटचे दोघं-तिघं लालबुंद होऊन, धापा टाकत पोचले की मी उठायचो आणि म्हणायचो, "आले सगळे? चला, सुरू करू."

आता हिशेब करून बघा. दमला नव्हता त्याला पंधरा मिनिटं विश्रांती, आणि दमून जीव गेला त्याला शून्य. मागचा पोचला की पुढचे उठणार, हा नियम शाळेच्या सहलीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे आहे. पण मी त्याला मार्कांची जोड दिली होती. 'फिल्डवरील उत्साह' असे पाच मार्क होते माझ्याकडं, आणि ते बहुधा पहिल्या सहांनाच जायचे.

एकदा शेवटून दुसरी आलेली एक मुलगी माझ्या "किती उशीर?" वर जे म्हणाली, ते अजून कानात आहे. "सर, हाच गड घ्यायला मोगलांना पाच वर्षं लागली. मला पंधरा मिनिटं जास्त लागली." ऐतिहासिकदृष्ट्या ती बरोबर होती. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेनं रामशेजला वेढा घातला आणि गडानं पाच वर्षं तरी दाद दिली नाही. मी हसलो, पोरं हसली. मार्क मात्र मी तिला दोनच दिले. ही मुलगी लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

बुटांचंही असंच. टूरच्या नोटिशीत दरवर्षी एक ओळ असायची, 'प्रत्येकाने चांगले बूट घालून यावे, अन्यथा चढू दिले जाणार नाही.' पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेला एक मुलगा स्लीपर घालून आला. मी अडवलं. तो काही बोलला नाही. स्लीपर काढून पिशवीत घातल्या, आणि आम्ही सगळे बूटवाले वर पोचलो तेव्हा तो अनवाणी वर बसून चिंचा खात होता. पाऊल कुठं टाकायचं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं, त्याचं बालपणच डोंगरात गेलेलं. त्याची खरी अडचण वेगळीच होती. मोठ्या टूरची वर्गणी त्याच्या घरी कुणाला झेपणारी नव्हती, आणि तोंडी परीक्षेतली इंग्रजी. खडकाला हात लावून तो "हा मांजऱ्या, पहार लगेच आत जाती" असं म्हणायचा. त्यालाच "अमिग्डलॉइडल बसाल्ट" म्हण म्हटलं की गप्प. दगड तोच, उत्तर तेच, पण मार्क इंग्रजी नावाला होते. ते मीच ठरवलेले.

पाण्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. वर्गात वीस मुलगे आणि चार मुली असायच्या. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सहाला परत. मुलींच्या बाटल्या परत येताना भरलेल्या असायच्या. मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगायचो, "मुली कणखर हो, पाणीसुद्धा लागत नाही त्यांना!" बारा-तेरा वर्षांनी त्याच रामशेजवाल्या मुलीनं एका लग्नात, पानाच्या टेबलापाशी उभं राहून, सहज सांगितलं, "सर, आम्ही आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करायचो. तुम्ही मुलांना 'जाऊन या रे झाडामागं' म्हणायचात. आम्हाला कुणी काही म्हणायचंच नाही." पानात चुना जास्त झाल्यासारखं झालं.

नागपूरच्या अदिती पंत आणि कोलकात्याच्या सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ साली भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. पहिली समुद्राचा अभ्यास करणारी, दुसरी खडकांचा. बर्फाच्या खंडावर बायकांची सोय झाली, आणि माझ्या टूरमध्ये वणीच्या घाटात ती होत नव्हती. त्यासाठी काही जहाज लागत नव्हतं. रस्त्यावरच्या एखाद्या घरात "ताई, मुलींना जरा आत येऊ द्या" एवढं विचारायचं होतं. दिंडोरी तालुक्यात नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. वर चहा घ्यायला लावतात, ती वेगळी पंचाईत.

सगळ्यात जास्त बोचतं ते कॅलिपरवाल्या पोराचं. पोलिओनं त्याचा एक पाय लहानपणीच अधू झालेला. फिल्डच्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "तू गाडीत बस, तुझं सॅम्पल मी आणतो." मला वाटलं, मी किती दयाळू. तीन तासांनी खाली आलो तर तो आणि ड्रायव्हर पत्ते खेळत होते आणि ड्रायव्हर हरत होता. पुढं डायरी तपासायला आली. सुबक अक्षर, नेटक्या आकृत्या. दहापैकी नऊ दिले. आठवड्यानं तो केबिनमध्ये आला. म्हणाला, "सर, त्या डायरीत मी न पाहिलेला डोंगर आहे. मित्राची उतरवली. ते नऊ त्याचे आहेत."

काय बोलावं सुचेना. पुढच्या खेपेला मी गाडी वणी-सापुतारा रस्त्यावर एका ठिकाणी उभी केली. रस्ता रुंद करताना कापलेली दरड, माणसाच्या दुप्पट उंचीची. तिथं जे होतं ते डोंगरमाथ्यावरही धड दिसलं नसतं. खाली एका थराचा सच्छिद्र माथा, त्यावर वीतभर विटकरी पट्टा, आणि वरच्या थराच्या तळाशी बोटाएवढ्या नळ्यांची रांग, पांढऱ्या खनिजानं भरलेल्या. लाव्हा वाहताना खालची वाफ वर चढली, तिच्या वाटा थिजून राहिल्या. सगळ्या नळ्या एकाच बाजूला कललेल्या होत्या, वाऱ्यावर झुकलेल्या गव्हासारख्या. लाव्हा कुठल्या बाजूला वाहत होता ते त्या कलावरून कळतं. डांबरी रस्त्यावरून उतरून चार पावलं टाकली की हात लागत होता.

तो दरडीला खांदा टेकून तासभर उभा राहिला. आकृती काढली. ती उत्कृष्ट निघाली आणि माझे डोळे पाणावले, असं लिहिण्याचा मोह होतो, पण तसं काही झालं नाही. प्रमाण चुकलेलं, उत्तर दिशा दाखवायची राहिलेली, विटकरी पट्टा दुप्पट जाड. मी सहा दिले. वर्गात बहुतेकांना सहाच होते. तो पेपर हातात घेऊन इतका खूश झाला की बाकीच्यांना वाटलं, काहीतरी चुकून जास्त मिळालेत. स्वतःच्या चुकांचे सहा होते ते.

गेल्या वर्षी सौ.ला सप्तशृंगीला जायचं होतं. गड तसा कळवण तालुक्यात, पण लोक 'वणीची देवी' म्हणतात आणि वणी आमच्या दिंडोरीत, त्यामुळं आम्ही हक्क सोडत नाही. पाचेकशे पायऱ्या. मी पायऱ्यांकडं पाहिलं, गुडघ्यानं माझ्याकडं पाहिलं. २०१८ सालापासून तिथं रुळांवरची ट्रॉली आहे, फ्युनिक्युलर म्हणतात ती. बसलो. ट्रॉली कड्याच्या अंगानं तिरकी वर सरकू लागली. सौ.नं हात जोडले, मी खिडकीतून काळा दगड खाली जाताना बघत लाव्ह्याचे थर मोजू लागलो. "देवीच्या दारात तरी ते मोजणं थांबवा," ती म्हणाली. पण आयुष्यात पहिल्यांदा मी न धापा टाकता कडा पाहत होतो. आमच्या डब्यात एक आजी होत्या, एक चाकांची खुर्ची होती, एक ओली बाळंतीण होती आणि तीन धट्टेकट्टे तरुण होते, ज्यांना फक्त कंटाळा आला होता. वर सगळ्यांनी दर्शन घेतलं. साडेतीन पीठांपैकी हे अर्धं पीठ, पण दर्शन प्रत्येकाला पूर्ण मिळालं. 'ट्रॉलीनं आलात, तुमचं निम्मं धरू' असं पुजाऱ्यानं कुणाला सांगितलं नाही. आणि मी रस्त्याकडेला उभं राहून दगड पाहणाऱ्या पोराच्या फिल्डला वर्षानुवर्षं फिल्ड मानायला तयार नव्हतो.

कायदा आपल्याकडं आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं २१ प्रकारचं अपंगत्व मानलं, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला लावल्या. म्हणजे वर्गात बसायला जागा मिळाली. गाडी डोंगरापाशी थांबल्यावर काय, ते सरांवर. बाहेरच्या देशांत यावर बरीच खटपट चालते. २०१४ साली कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या महामार्गावर, चाकांच्या खुर्चीतल्या आणि पायी चालणाऱ्या भूशास्त्रज्ञांची एकत्र सहल निघाली. सगळे थांबे रस्त्याच्या कडेला. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं तर डोंगरावरच्या शिक्षकाचा कॅमेरा खाली गाडीजवळच्या विद्यार्थ्याला बिनतारी जोडून पाहिला. तो वरच्याला सांगणार, 'जरा डावीकडं दाखवा, तो डाग कसला?' हे मी उत्साहानं आमच्याकडंही करून पाहिलं. नेटवर्क बरोबर खडकापाशी गेलं. पडद्यावर माझं नाक तेवढं थिजून राहिलं, लाव्ह्यासारखं.

आता रामशेजवाली मुलगी. ती स्वतः भूशास्त्र शिकवते. या डिसेंबरात तिचा फोन आला, "सर, वर्गाला घेऊन दिंडोरीत येतेय. तुम्ही यायचं."

"अगं, गुडघा..."

"माहितीये. तुमच्यासाठी काही वेगळं केलेलं नाही. प्लॅनच तसा आहे."

तिनं पोरांना पाठवलेला कागद मलाही पाठवला. कोण चढू शकत नाही, कुणाला काय त्रास आहे, असं त्यात कुठंच विचारलेलं नव्हतं. जागेचीच माहिती होती. गाडीपासून किती पावलं चालायचं, वाट मुरमाची की चिखलाची, सावली कुठं, बसायला काय, मोबाइलला रेंज कुठं आहे आणि कुठं जाते. एका ओळीत लिहिलं होतं, 'संडास : शेतकऱ्याच्या घरी. आधी जाऊन विचारलं आहे. वहिनी हो म्हणाल्या आहेत.' तीस वर्षांच्या नोकरीत मी काढलेल्या सगळ्या नोटिसा त्या एका ओळीपुढं फिक्या वाटल्या. तळाला तिनं हेही लिहिलं होतं, की चढायची इच्छा आहे त्यांच्यासाठी दुपारी मागची टेकडी आहे, आणि टेकडीला वेगळे मार्क नाहीत.

जागा म्हणजे द्राक्षबागेतली एक जुनी विहीर. चांगली मोठी, दगडी कठड्याची, वरून वाकून पाहिलं की सगळे थर दिसणारी. कठड्याभोवती गोल करून सगळे उभे, चाकांच्या खुर्चीतला एक मुलगा कठड्याला खुर्ची लावून, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. गोलात पुढचा कोण आणि मागचा कोण हे कळत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

ही विहीर ज्यांनी स्वतः खणली ते आबा बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळे गेलेले. रामशेजवालीनं विचारलं, "आबा, काय काय लागलं होतं खणताना?" आबा घरातल्या जिन्याच्या पायऱ्या सांगावेत तसे सांगू लागले. वर हातभर काळी. मग मुरूम, पावणेदोन परसापर्यंत. परस म्हणजे हात वर केलेला माणूस, हे त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवलं. मग काळा पाषाण. "त्याला पहार मारली का टण्ण वाजायची, मनगटापर्यंत झिणझिण्या. सुरुंग लावला तव्हा कुठं फुटला." मग आवाज बदलला. "भद् भद् वाजाया लागलं. म्हनलं, आता तांबडा आला. तांबड्याच्या वरून पाझर फुटला."

पोरं वाकून बघत होती. विटकरी पट्टा तिथंच होता, आणि त्याच्या वरच्या कडेनं ओल पसरलेली. त्यांच्यातल्या एकाला रंगच नीट ओळखू येत नाहीत. लाल आणि हिरवट त्याला एकसारखे दिसतात. वर्गात तांबडा थर ओळखायच्या प्रश्नावर तो दर वेळी पडायचा. त्यानं वहीत लिहिलं, 'भद् वाजतो तो.' बाईंनी ते खोडलं नाही.

गीराट व्हर्माय नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत, जन्म हॉलंडचा, कॅलिफोर्नियात शिकवत. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून अंध. शंख-शिंपल्यांवर बोटं फिरवून त्यांनी लाखो वर्षांपूर्वीच्या शिकारीच्या खुणा वाचल्या आणि त्यावर जगभर मानली गेलेली पुस्तकं लिहिली. हे मी आबांना सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेती किती त्यांना?"

मग आबांनी परीक्षा घेतली. म्हणाले, "एक दगड टाका आत आन् सांगा पानी कितीवर हाय." दगड टाकला. डुबुक. खुर्चीतल्या मुलाच्या हातात मोबाइलचं घड्याळ होतं. एक पूर्णांक दोन सेकंद. त्यानं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र मांडलं, जिभेचं टोक दातात धरून गुणाकार केला आणि म्हणाला, "तेवीस फूट."

"छ्या," आबा म्हणाले, "तीन परस. अठरा फूट झालं ते. कान हायेत मला."

वाद मिटवायला दोराला पोहरा बांधून सोडला. दोर मोजला. वीस फूट.

मुलानं वही पुन्हा काढली, घड्याळ दाबायला उशीर झाला का ते बघू लागला. आबा काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "दोर मोजताना ताणला आसंल. दुसरा दगड टाका."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. मुलींपैकी दोघी घरातून परत येत होत्या, हातात रिकाम्या बाटल्या. एकीनं त्या नळाखाली धरल्या. तोवर खुर्चीतला मुलगा कठड्यावर हात पसरून चाचपत होता, नीट बसेल असा दुसरा दगड कुठं मिळतो का ते.